हिमनगांतून परतलेल्या होड्या

ध्रुवप्रदेशाच्या शोधाचा इतिहास आपण बहुधा मोठ्या जहाजांच्या आणि त्यांच्या कप्तानांच्या नावांनी लक्षात ठेवतो. परंतु त्या जहाजांपैकी कित्येक बर्फात रुतून बसली, काही चिरडली गेली, काही खलाशांनी जड अंतःकरणाने सोडून दिली. माणसे जिवंत परतली ती पुष्कळदा लहान, उघड्या होड्यांतून. या होड्यांचा इतिहास जहाजांच्या इतिहासाइतका झगझगीत नाही; मात्र माणसाला निसर्गापुढे काय साधते आणि ते कोणाच्या बळावर साधते, हे समजून घ्यायचे तर तोच अधिक बोलका आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकन नौदलातील शल्यवैद्य डॉ. एलिशा केंट केन यांच्या १८५३ ते १८५५ या काळातील मोहिमेचा विचार करावयाचा आहे. या मोहिमेत बर्फातून लहान होडी काढण्याचे तीन प्रयत्न झाले. दोन फसले, तिसरा यशस्वी झाला. हा फरक का पडला, हाच या लेखाचा विषय होय.

मोहिमेची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसांसह ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून प्रशांत महासागराकडे जाणारा मार्ग शोधण्यास निघाले आणि बर्फात नाहीसे झाले. त्यांच्या शोधार्थ पुढील काही वर्षांत अनेक मोहिमा निघाल्या. न्यूयॉर्कचे व्यापारी हेन्री ग्रिनेल यांनी अशा दोन मोहिमांना जहाजे पुरविली. १८५०-५१च्या पहिल्या मोहिमेत केन वैद्य म्हणून होते; १८५३च्या दुसऱ्या मोहिमेचे ते प्रमुख झाले. सांधेवाताच्या ज्वराने त्यांचे हृदय तरुणपणीच दुबळे झाले होते. तरी घरी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. चीनकडे निघालेल्या अमेरिकन शिष्टमंडळाचे वैद्य म्हणून ‘ब्रँडीवाइन’ या युद्धनौकेवरून ते १८४३ साली मुंबई बंदरातही आले होते. आपल्या उष्ण किनाऱ्यावर उतरलेला हा तरुण दहा वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी, बर्फाच्या भिंतीसमोर उभा राहणार होता.

३० मे १८५३ रोजी ‘अ‍ॅडव्हान्स’ हे जहाज न्यूयॉर्कहून निघाले. वाटेत ग्रीनलंडच्या दक्षिण भागातून हान्स हेन्ड्रिक हे सुमारे एकोणीस वर्षांचे ग्रीनलंडवासी शिकारी आणि पुढे उपरनाविकहून कार्ल पीटरसन हे त्या किनाऱ्यावर दीर्घकाळ राहिलेले डॅनिश दुभाषे मोहिमेत सामील झाले. आता एकूण माणसे वीस झाली. सप्टेंबरच्या सुमारास ७८ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे, ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील एका आखातात जहाजाने नांगर टाकला. केन यांनी त्या जागेस रेन्सेलर बंदर असे नाव दिले. पाणी गोठले, पुढचा उन्हाळा आला तरी तेथील बर्फ फुटला नाही. ‘अ‍ॅडव्हान्स’ तेथून पुन्हा कधीच बाहेर पडले नाही.

याच मुक्कामात मोहिमेच्या लोकांनी उत्तरेकडे घसरगाड्यांवरून जाऊन एक प्रचंड हिमनदी पाहिली. तिला केन यांनी हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव दिले. ग्रीनलंडच्या भाषेत ती सेर्मेरसुआक, म्हणजे मोठी हिमनदी, म्हणून ओळखली जाते. तिचे समुद्राला भिडणारे मुख सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. या आणि दक्षिणेकडील अनेक हिमनद्यांच्या मुखांतून तुटलेले कडे समुद्रात पडतात व हिमनग बनून वाहू लागतात. परतीची वाट याच हिमनगांमधून होती.

अशा पाण्यातून होडी नेणे म्हणजे काय, याची कल्पना आपणांस सहजासहजी येणार नाही. त्या समुद्रात बर्फ दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे गोठलेल्या समुद्राचे सपाट तरंगते पटल. ते मुख्यतः वाऱ्याबरोबर सरकते. दुसरा म्हणजे हिमनदीतून तुटलेला हिमनग. त्याचा आठ-नऊ दशांश भाग पाण्याखाली असल्याने तो खोल प्रवाहाबरोबर चालतो आणि प्रसंगी वाऱ्याच्या उलट दिशेने जातो. या दोन गतींमुळे पाण्याच्या चिंचोळ्या वाटा घटकेत उघडतात आणि घटकेत मिटतात. मिटताना त्यांत सापडलेली होडी अक्रोडासारखी फुटते. हिमनग खालून वितळतो, त्याचा तोल बिघडतो आणि तो एकाएकी कलंडतो. त्या लाटेने शेजारची होडी बुडू शकते. हिमनदीच्या जुन्या बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे फुटताना तडतड आवाज येत राहतो. परंतु हाच हिमनग तळाला टेकून स्थिर झाला की त्याच्या आडोशाला पाणी मोकळे राहते, त्याच्या अंगावरून वितळून वाहणारे पाणी गोडे असल्याने पिता येते, आणि त्याच्या शिखरावर चढले की पुढची वाट दिसते. म्हणजे शत्रूही तोच आणि आश्रयदाताही तोच. अशा ठिकाणी होडीचे लहानपण हेच तिचे बळ ठरते. जहाज अडकले की अडकले. होडी मात्र पाणी संपताच बर्फावर ओढून घेता येते आणि पाणी दिसताच पुन्हा लोटता येते. मात्र केव्हा ओढावी, केव्हा लोटावी आणि केव्हा स्वस्थ बसावे, हे ज्याला कळले तोच तरला.

पहिला प्रयत्न जुलै १८५४ मधला. जहाज सुटणार नाही हे दिसू लागताच केन पाच माणसांसह एक होडी घेऊन दक्षिणेकडे निघाले. बीची बेटाजवळ असलेल्या ब्रिटिश जहाजांकडून मदत आणावी, असा त्यांचा बेत होता. धाडसात काही उणे नव्हते. परंतु बॅफिन उपसागराच्या उत्तर टोकाशी बर्फाने वाट अडविली. हिमनगावर चढून पाहिले तर नजर पोचेल तेथवर बर्फच होता. होडी रिकाम्या हाताने परतली.

दुसरा प्रयत्न त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीचा. आणखी एक हिवाळा येथे काढणे म्हणजे मरण, असे अनेकांचे मत पडले. केन यांनी प्रत्येकाला निवड करण्याची मोकळीक दिली. मोहिमेचे तरुण डॉक्टर आयझॅक हेज, पीटरसन आणि इतर काही जण उपरनाविक गाठण्यासाठी होड्या घेऊन निघाले. पीटरसन यांच्यासारखा जाणता माणूस बरोबर असूनही ऋतू सरला होता. नवा बर्फ धरू लागला आणि वाट बंद झाली. किनाऱ्यावर दगडी कपारीच्या आधाराने आडोसा करून त्यांनी तीन महिने उपासमारीत काढले. आसपासच्या एस्किमो लोकांनी वेळोवेळी मांस दिले म्हणून ते जगले आणि डिसेंबरमध्ये त्यांच्याच घसरगाड्यांवरून जहाजाकडे परतले. त्या काळच्या सर्व लेखनात या लोकांना एस्किमो म्हटले आहे. आज ते स्वतःस इनुघुइट म्हणवितात.

या दोन अपयशांचा अर्थ केन यांना उमगला, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. प्रारंभी त्यांची दृष्टी निर्दोष होती असे नव्हे. जहाजावरील वस्तू चोरल्या म्हणून त्यांनी एटाह वस्तीतील काही स्त्रियांना ओलीस धरले होते. पण त्यातूनच उभयपक्षी करार झाला. वस्तीतील लोकांनी चोरी करू नये, मांस व कुत्रे द्यावेत. जहाजावरच्यांनी शिकारीत साहाय्य करावे व भेटी द्याव्यात. तो करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. हा हिवाळा अत्यंत कठीण गेला. सर्वांना स्कर्व्हीने ग्रासले. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा पुन्हा वाहू लागल्या. केन यांनी जहाजातील उंदरांचे मांसही खाल्ले. हान्स यांची शिकार आणि एटाहहून येणारे वॉलरसचे ताजे, कच्चे मांस हेच त्या रोगावरचे औषध होते. क जीवनसत्त्वाचे नाव कोणालाही ठाऊक नसताना त्या लोकांच्या आहारात ते ज्ञान पिढ्यान्पिढ्या साठविलेले होते. पुढे वसंतात हान्स एटाहकडे गेले, त्या लोकांतील एका मुलीशी त्यांनी विवाह केला आणि ते परतले नाहीत.

तिसऱ्या प्रयत्नाची आखणी या साऱ्या अनुभवावर झाली. पाणी मोकळे होण्याची वाट पाहून निघायचे नाही. बर्फ पक्का असतानाच होड्या घसरगाड्यांवर चढवून दक्षिणेकडील मोकळ्या पाण्यापर्यंत ओढत न्यायच्या, म्हणजे छोटा उन्हाळा पुरता हाती लागेल. होड्या तीन होत्या : देवमाशाच्या शिकारीसाठी वापरतात तशा सुमारे २६ फुटी दोन, ‘फेथ’ आणि ‘होप’, आणि १३ फुटांची एक लहानशी, ‘रेड एरिक’. वैयक्तिक सामान अगदी थोडे ठेवण्याचा हुकूम झाला. निसर्गवस्तूंचे संग्रह मागे राहिले. मोहिमेचे कागद मात्र बरोबर घेतले. २० मे १८५५ रोजी प्रार्थना करून त्यांनी जहाजाचा निरोप घेतला. जहाजाच्या नाळेवरील लाकडी स्त्रीमूर्ती खलाशांनी काढून बरोबर घेतली. प्रसंग पडला तर सरपण होईल, असाही विचार त्यात होता.

सतरा माणसांपैकी चौघे चालूही शकत नव्हते. त्यांना केन यांनी कुत्र्यांच्या गाडीतून अनोआटोक येथील एस्किमो झोपडीत नेऊन ठेवले आणि होड्या पुढे सरकेपर्यंत ते त्यांच्यासाठी अन्न वाहत राहिले. होड्या ओढण्याचे काम जवळजवळ महिनाभर चालले. एके ठिकाणी बर्फ फुटला आणि घसरगाडी होडीसह खाली जाऊ लागली. सुतार क्रिस्तियन ओल्सेन यांनी एक लाकडी दांडा तिच्याखाली घालून इतरांनी ती ओढून काढेपर्यंत तिचा भार एकट्याने पेलला. होडी वाचली, ओल्सेन यांना मात्र आतून इजा झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. परतीच्या प्रवासात गेलेला हा एकच माणूस. उरलेल्या सोळा जणांची आशा ज्या होड्यांवर होती, त्यांतील एक त्यांनी आपल्या प्राणांच्या मोलाने वाचविली होती.

या महिन्यात एटाहचे लोक बरोबर होते. ते होड्यांच्या दोऱ्यांना लागले, आजाऱ्यांकडे पाहिले, कड्यांवर घरटी करणारे छोटे पक्षी लांब काठीच्या जाळ्यांनी पकडून रोज खाऊ घातले. आणि येथेच एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांनी या होड्या पाण्यापर्यंत पोचविल्या, त्या लोकांजवळ स्वतःची एकही होडी नव्हती. ग्रीनलंडच्या दक्षिणेकडे सर्वत्र असलेली कयाक ही कातडी होडी त्यांच्यात उरलीच नव्हती. धनुष्यबाणही नव्हते. त्यांच्या परंपरेनुसार, पूर्वी एका साथीत जाणती, वडीलधारी माणसे मरण पावली आणि त्यांच्याबरोबर कयाक बांधण्याची विद्याही गेली. केन यांच्या गणनेनुसार ही सारी जमात सुमारे १४० माणसांची होती. एवढ्या लहान समाजात चार-दोन जाणते गेले की एक विद्या कायमची लोपते. पुढे १८६०च्या दशकात बॅफिन बेटाकडून कितलारसुआक यांच्या नेतृत्वाखाली काही कुटुंबे समुद्र ओलांडून तेथे आली आणि त्यांनी कयाक व धनुष्य यांची विद्या पुन्हा शिकविली. विसरलेले ज्ञान परत मिळाले, ते ज्यांनी ते जपले होते अशा शेजाऱ्यांकडून.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होड्या पाण्यात लोटल्या. उन्हावाऱ्याने फळ्या आकसून सांधे उघडले होते. पाणी आत येऊ लागले. ‘रेड एरिक’ तर लवकरच पाण्याने भरली. पुढे वादळी वाऱ्यात ज्या बर्फपटलाला त्यांनी होड्या बांधल्या होत्या, तेच किनाऱ्यावर आदळून फुटू लागले. चहूकडे दळल्या जाणाऱ्या बर्फातून होड्या कशाबशा कड्याच्या पायथ्याशी आल्या. येथे वल्ह्यांचा उपयोग नव्हता. भरती चढेपर्यंत त्यांना जपत राहायचे आणि भरतीच्या उंचीवर कड्याला चिकटलेल्या बर्फाच्या कट्ट्यावर चढवायचे, एवढेच हाती होते. तसेच झाले. तेथे काही दिवस विसावा मिळाला. बदकांची अंडी मिळाली आणि सुकलेल्या अंगांत थोडा जीव आला.

केप यॉर्क ओलांडल्यावर मेलव्हिल उपसागर लागला. याच्या किनाऱ्यावर हिमनद्यांची रांगच आहे. सरपणासाठी ‘रेड एरिक’ तोपर्यंत फोडली गेली होती. या उपसागरात धुक्यामध्ये बर्फाच्या कडेकडेने जाता जाता होड्या एका आंधळ्या खाडीत शिरल्या. केन झोपेतून उठून पाहतात तो सर्व बाजूंनी हिमनग. त्यांनी खलाशांना खरी स्थिती सांगितली नाही. सामान वाळविण्याचे निमित्त करून होड्या बर्फावर घेण्यास सांगितले आणि मॅकगॅरी या देवमाशांच्या जुन्या शिकाऱ्यास घेऊन ते एका हिमनगावर चढले. वरून दिसले ते असे : पुढे वाट नाही, मोकळे पाणी मागे व दूर आहे. त्यांनी पुढे रेटण्याचा हट्ट केला नाही. होड्या पुन्हा घसरगाड्यांवर चढल्या आणि थकलेली माणसे आल्या दिशेने ओढू लागली. माझ्या मते या प्रवासातील सर्वांत मोठा निर्णय हाच. पुढे जाण्याचे धैर्य इतिहास लिहून ठेवतो. वेळीच मागे फिरण्याचे धैर्य क्वचितच लिहितो.

अन्न संपत आले, पाय सुजले, वल्ही ओढवेनात. अशा स्थितीत एका बर्फाच्या तुकड्यावर निजलेला मोठा सील दिसला. वल्ह्यांना मोजे बांधून होडी निःशब्द पुढे नेली. नाळेवर बंदूक घेऊन पीटरसन होते. उत्कंठेने त्यांचे अंग असे थरथरत होते की क्षणभर बंदूक स्थिर करता येईना. बार निघाला, सील पाण्याच्या काठाशीच कोसळला. आणि ही शिस्तीत वाढलेली माणसे हसत, रडत बर्फावर धावली. त्यानंतर अन्नाची तेवढी ददात राहिली नाही. काही दिवसांनी एका कयाकमधील माणूस दिसला. तो पीटरसन यांच्या ओळखीचाच निघाला. पुढे चरबीची ने-आण करणाऱ्या एका छोट्या जहाजाच्या माणसांकडून क्रिमियाच्या युद्धाची बातमी कळली. ६ ऑगस्ट १८५५ रोजी दोन्ही होड्या उपरनाविकला लागल्या. ऐंशीहून अधिक दिवस उघड्यावर काढल्याने घरांच्या चार भिंतींत त्यांचा जीव गुदमरू लागला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. धाडस तिन्ही प्रवासांत होते. तिसऱ्यात अधिक होते ते एवढेच, की तीन प्रकारचे जाणते एका दोरीला लागले. केव्हा थांबावे आणि काय खावे, हे एटाहच्या लोकांना ठाऊक होते. किनारा, सील आणि भाषा पीटरसन जाणत होते. बर्फातील पाण्याची चाल मॅकगॅरी यांच्यासारख्या खलाशांच्या हाडीमाशी खिळली होती. केन यांचे श्रेष्ठत्व हे की दोन वर्षांच्या ठेचांनंतर ते ऐकावयास शिकले. त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ध्रुवाभोवती मोकळा समुद्र आहे, हा त्यांचा सिद्धान्त चुकीचा ठरला. फ्रँकलिन यांना ते ज्या दिशेने शोधत होते, त्या दिशेस ते कधी गेलेच नव्हते. केन अजून बर्फात अडकलेले असतानाच १८५४ साली जॉन रे यांना फ्रँकलिन यांच्या माणसांच्या अंताची वार्ता कळली, ती एस्किमो लोकांच्या तोंडून. लंडनमध्ये अनेकांनी ती साक्ष नाकारली. पुढे ‘एरेबस’ २०१४ साली आणि ‘टेरर’ २०१६ साली समुद्रतळाशी सापडले, तेव्हा पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेलेल्या त्या मौखिक माहितीचे मोल सर्वांस पटले.

या एकाच मोहिमेवर किती जणांनी लिहिले, हे पाहण्यासारखे आहे. केन यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ साली निघाला आणि अमेरिकेत घरोघरी वाचला गेला. फेब्रुवारी १८५७ मध्ये वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी हवाना येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पीटरसन यांच्या आठवणी डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्यावर केन यांनी बेशिस्तीचा ठपका ठेवला होता, त्या विल्यम गॉडफ्री यांनीही १८५७ साली आपली बाजू छापली. हेज यांनी फसलेल्या होडीप्रवासाचे वर्णन १८६० साली दिले. आणि १८७८ साली हान्स हेन्ड्रिक यांच्या आठवणी आल्या. त्यांनी त्या आपल्या ग्रीनलंडच्या भाषेत लिहिल्या होत्या. हेन्री रिंक यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. ज्या शिकाऱ्याचा उल्लेख इतरांच्या ग्रंथांत इतरांच्या शब्दांत येतो, तो येथे स्वतःच्या शब्दांत बोलतो. आज हान्स बेट त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या मालकीचा कॅनडा व डेन्मार्क यांच्यातील जुना वाद २०२२ साली बेट वाटून घेऊन मिटला.

कप्तानाचे पुस्तक एकटे वाचले तर ही एका वीराची कथा आहे. पाचही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर ती अनेकांच्या जाणतेपणाची कथा होते. अशी पुस्तके एकमेकांशेजारी ठेवणे, हेच ग्रंथालयाचे खरे कार्य नव्हे काय? एटाहच्या लोकांचा कयाक गेला, कारण जाणणारे गेले आणि जाणलेले दुसऱ्या हाती सोपविले गेले नव्हते. आपल्यासारख्या, मूळ मुलखापासून दूर पिढ्यान्पिढ्या वसलेल्या मराठी समाजास ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभे केले आणि ज्या सभासदांनी व आश्रयदात्यांनी ते आजवर चालविले, त्यांनी या हातातून त्या हातात देण्याचेच काम केले आहे. वादळात, उपासमारीत, सर्व ओझे टाकून देतानाही केन यांच्या माणसांनी कागदांची पेटी टाकली नव्हती, याचे स्मरण या शताब्दीच्या प्रसंगी ठेवावे, एवढीच नम्र विनंती.